डाव्या मनगटावरचा शिक्का

शिक्का मारण्याची कला माणसाने शोधून काढली, असा माणसाचा एक प्रामाणिक गैरसमज आहे. वास्तविक हे खातं जिवाणू कोट्यवधी वर्षं सांभाळत आले आहेत, तेही बिनपगारी आणि दुपारच्या चहाशिवाय.

कुमुदिनी गुप्ते यांना हे ठाऊक होतं, कारण त्यांना पगार त्याचाच मिळत असे. १९८८ साली अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'त्रिदल फर्मेंटेशन' कारखान्यात त्या जिवाणूतज्ज्ञ होत्या. तिथे चार प्रचंड टाक्यांत जिवाणू वाढवून त्यांच्याकडून कापडाची खळ काढणारं एन्झाइम मिळवत. (कामगार त्याला 'माल' म्हणत. अधिकारी ऑफिसात 'प्रॉडक्ट' म्हणत आणि घरी गेल्यावर 'माल'.) जिवाणू खूश असले की टाकी पिठल्यासारखी दाट होई. त्या उन्हाळ्यात मात्र सकाळी पिठलं असलेली टाकी दुपारपर्यंत भाताच्या पेजेसारखी पातळ होऊ लागली. आधी एक नंबरची गेली, मग दोन नंबरची. मालकांनी मुंबईहून निरोप पाठवला, की चारही गेल्या तर कारखान्याला कुलूप लावू. एकशे चाळीस माणसं टाक्यांकडे घरच्या आजारी माणसासारखी बघू लागली.

गुप्तेबाईंनी तीन दिवस सूक्ष्मदर्शकाशी आणि काचेच्या बशांशी झटापट केली आणि निदान केलं. जिवाणूंना विषाणू लागला होता.

हे त्यांनी जनरल मॅनेजर शरदचंद्र टिपणीस यांना समजावून सांगितलं. पुढे जे रामायण घडलं त्याला आपणच जबाबदार, अशी टोचणी बाईंना लागून राहिली, कारण समजावताना त्यांनी उदाहरण दिलं.

"साहेब, जिवाणू आपल्या डीएनएवर ठरावीक ठिकाणी एक बारीकशी रासायनिक खूण करतो. मेथिल गट म्हणतात त्याला. शिक्काच समजा. शिवाय त्याच्याकडे कात्री असते. बाहेरून डीएनए आला आणि त्याच्यावर शिक्का नसला, की कचाकच तुकडे."

"वा!" टिपणीस खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे शिक्का असेल तो आपला, नसेल तो परका."

"हो, पण दहा हजारांत एखादा विषाणू कात्रीतून निसटतो. तो आत गेला की जिवाणू त्याच्या पिल्लांवरही भाबडेपणाने आपलाच शिक्का मारतो. मग त्यांना कुठलीच कात्री अडवत नाही. आपल्या टाक्यांतले विषाणू असे शिक्केवालेच झालेत साहेब. आता एकच उपाय, स्वच्छता…"

हा उत्तरार्ध साहेबांनी ऐकला नाही. तोवर त्यांनी फोन उचलून शंभर बाटल्या जांभळी शाई मागवली होती.

सोमवारी परिपत्रक लागलं. विषाणूंचा बंदोबस्त करण्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या डाव्या मनगटावर 'मान्य' असा शिक्का मारण्यात येईल. शिक्का नसलेल्या इसमास गेटच्या आत घेतलं जाणार नाही. शिक्का आस्थापना विभागात मिळेल. (आस्थापना विभाग गेटच्या आत होता.)

या योजनेची अंमलबजावणी इतकी चोख झाली की पहिल्या दिवशी कारखान्यात कुणीच पोचलं नाही. सगळे रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून राहिले. साहेबांची गाडी तेवढी आत गेली, कारण परिपत्रकात गाड्यांचा उल्लेख नव्हता. आत आधीपासून असलेला एकमेव माणूस म्हणजे जयदेव नावाचा विमा एजंट. तो आदल्या आठवड्यापासून कँटीनमध्ये गिऱ्हाईक शोधत बसायचा, आणि त्या दिवशी मागच्या पडक्या भिंतीतून शिरला होता. साहेबांच्या गाडीत बसून आत आलेल्या आस्थापनेच्या कारकुनाने त्याच्या मनगटावर ठसठशीत शिक्का मारला. (इतरांसाठी दुसऱ्या दिवशी गेटबाहेर टेबल मांडण्यात आलं.) पुढे जयदेव रोज नऊला येऊ लागला. चौथ्या दिवशी त्याला लॉकर मिळालं आणि महिनाअखेरीस तो कामगारांच्या क्रिकेट संघाचा कप्तान झाला. जयदेव म्हणजे साहेबांनी न ऐकलेला उत्तरार्ध, कात्रीतून निसटून शिक्का मिळवलेला परका आहे, हे गुप्तेबाईंच्या लक्षात आलं. पण क्षेत्ररक्षण उत्तम करत असल्यामुळे त्याच्याबद्दल कुणी ऐकून घेईना.

पहिल्या आठवड्याचे आकडे साहेबांनी फलकावर लावले. अडवलेले इसम दोनशे सहा. पैकी कर्मचारी एकशे नव्याण्णव, वीजमंडळाचे इंजिनिअर एक, पाण्याचे टँकरवाले पाच आणि साहेबांचा विसरलेला डबा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी कुंदाताई एक. (डबा आत घेण्यात आला.) विषाणू अडवलेले: मोजणी चालू आहे.

घामाने शिक्का पुसला जातो, ही तांत्रिक अडचण कामगारांनी परस्पर सोडवली. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये खूबचंद नावाचे एक रबरी शिक्केवाले होते. त्यांच्याकडे कारखान्याचा अस्सल शिक्का नमुना म्हणून नेला, तेव्हा त्यांनी तो भिंगातून बघून खेदाने मान हलवली.

"साईं, असली चाहिए कि अच्छा चाहिए?"

सर्वांनी अच्छा घेतला. तो आठ दिवस टिकायचा आणि त्यातला 'न्य' सुबक होता. पुढे पुढे अस्सल शिक्का फिकट दिसतो म्हणून गेटवर लोकांना अडवू लागले.

या सगळ्यात एकाच्या हातावर शिक्का ठरेना. चांगो बारवी धरणाकडच्या वाडीतला, टाक्या धुणारा. नऊ वर्षं तो टाक्यांत उतरून त्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासत होता. पाय धुवायचा, हात धुवायचा, मग पुन्हा धुवायचा. सकाळी मारलेला शिक्का दहाच्या ठोक्याला गायब. त्याने खूबचंदांचाही करून पाहिला. तो साडेदहाला गेला.

"ताई, मी तरी काय करू?" तो गुप्तेबाईंना म्हणाला. "शिक्का राकायचा तं धुवायचं नाय, न् धुवायचं तं शिक्का नाय. साहेबांनी येकच काय ते सांगावं."

साहेबांनी सांगितलं. तीन नंबरची टाकी गेली त्या दिवशी त्यांनी चांगोला नोटीस दिली: सदर इसम वारंवार शिक्क्याविना आढळतो, अनवाणी चालतो, जंगल भागातून येतो, सबब विषाणू त्यानेच आणला असावा. आठ दिवसांत खुलासा न केल्यास बडतर्फ. जिवाणूतज्ज्ञांनी तसा दाखला द्यावा.

बाईंनी दाखल्याचा कागद टाइपरायटरला लावला. चांगोला दोन मुली होत्या. धाकटीला गणिताची भीती वाटते म्हणून त्याने बाईंकडून तिच्यासाठी जुनी पुस्तकं नेली होती. बाईंनी कागद काढून चुरगळला. मग त्यांनी निर्जंतुक कापसाचे बोळे घेतले, आणि सबंध कारखान्याची पादत्राणं तपासायला निघाल्या.

तपासणीची रीत साधी होती. तळव्यावर किंवा तळाला बोळा फिरवायचा, तो जिवाणूंच्या दाट सायीवर टेकवायचा. विषाणू असेल तिथे सायीत भोक पडतं. दुसऱ्या दिवशी भोकं मोजायची.

एकशे एक्केचाळीस बशा झाल्या. (जयदेव धरून.) चांगोच्या अनवाणी तळव्यांची बशी गावच्या दह्यासारखी अखंड होती. जयदेवच्या बशीत तीन भोकं. इतरांच्या कुणाच्या पाच, कुणाच्या सात. एका बशीत भोकंच नव्हती, कारण सायच उरली नव्हती. काच लख्ख, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल अशी.

त्या बशीमागचा क्रमांक बाईंनी तीनदा वाचला. त्यांना कुठून तरी हसू फुटू लागलं. पदर तोंडाशी धरून त्या पायऱ्या चढल्या.

टिपणीस साहेबांचा सकाळचा एक नेम होता. ते आधी मागे सांडपाण्याच्या खड्ड्याशी जाऊन पाण्याचा रंग पाहत. मेलेल्या तिन्ही टाक्या तिथेच ओतल्या होत्या. तिथून ते थेट बीजखोलीत जात, जिथे नव्या टाकीसाठी कोवळे जिवाणू वाढवत. "कसं काय मंडळी?" असं त्यांना विचारत. दारातल्या औषधी पाण्यात सगळ्यांनी पाय बुडवायचा नियम होता. साहेबांना सूट होती, कारण बूट चामड्याचे होते.

बाईंनी दोन बशा टेबलावर ठेवल्या.

"ही चांगोची."

"आणि ही?"

"आपली, साहेब."

साहेबांनी बशी उजेडात धरली. तिच्यातून त्यांना गुप्तेबाई स्पष्ट दिसल्या. त्यांनी शर्टाची बाही वर केली.

"पण माझ्या हातावर शिक्का आहे!"

"म्हणून तर कुणी अडवलं नाही."

साहेबांचा चेहरा हळूहळू उतरला. क्षणभर बाईंना त्यांची दयाच आली.

"हा रिपोर्ट कुणाकुणाला दिलात?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"अजून कुणाला नाही. चांगोची नोटीस मागे घेतलीत तर द्यायची गरजही नाही. बूट मात्र गेटवरच निघाले पाहिजेत. सगळ्यांचे. आणि खड्ड्यात रोज चुना पडला पाहिजे."

मंगळवारी दुसरं परिपत्रक निघालं. महाव्यवस्थापकांच्या अथक संशोधनातून असं निष्पन्न झालं आहे की विषाणू पायी येतो. सबब शिक्का रद्द, पादत्राणं बाहेर. देखरेखीसाठी स्वच्छतेचा दांडगा अनुभव असलेल्या श्री. चांगो यांची नेमणूक.

चांगो गेटवर स्टूल टाकून बसला. गाडी थांबली, काच खाली आली.

"साहेब, जोडा."

"अरे, मी…"

"जोडा, साहेब."

टिपणीस उतरले. उजव्या मोज्यातून त्यांचा अंगठा बाहेर आला होता, आणि सकाळच्या पाळीच्या सत्तर माणसांनी तो विनातिकीट पाहिला. कुणी हसलं नाही. सगळे एकदम खोकले. गुप्तेबाईंना इतका खोकला आला की त्यांना भिंत धरावी लागली.

चार नंबरची टाकी जगली. पंधरवड्याने ती इतकी दाट झाली की ढवळणारा पंखा कुरकुरू लागला, आणि कँटीनमध्ये त्या दिवशी पिठलंच केलं. मालकांनी टिपणीसांना शाल दिली आणि बढती देऊन बदलापूरच्या नव्या कारखान्यावर नेमलं. (तिथे गेट होतं, चांगो नव्हता. पहिली टाकी अकराव्या दिवशी पातळ झाली.)

टिपणीस साहेबांना हसायला हरकत नाही. तुमच्या सोसायटीच्या गेटवरही वही असते. दूधवाल्याने तिच्यात वेळ लिहायची, कामवालीने सही करायची, गॅसवाल्याने नाव सांगायचं. रखवालदार तुम्हाला मात्र सलाम करतो, आणि तुम्ही मान हलवून आत जाता. आज घरी पोचलात की दार लावून घ्या, आणि कुणी पाहत नाही असं बघून बूट उलटे करून तळ तपासा.