दारातला कॉन्टॅक्ट

घाटनांदूरच्या मंगल कार्यालयात सायलीचा साखरपुडा आटोपला आणि नवऱ्या मुलाकडची तीनशे माणसं एकदम जेवायला उठली. सायलीची धाकटी बहीण राजनंदिनी पुण्याला भौतिकशास्त्रात संशोधन करत होती. शिकलेली म्हणून वडिलांनी, राधाकिशन आण्णांनी, रांगेचं काम तिच्याकडं दिलं होतं. पाहुणे उपाशी राहिले तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

तिनं भिंतीच्या कडेनं दोरी लावली. "एकामागं एक चला. माघारी फिरायचं न्हाई." रांग सुरेख सरकू लागली.

"हे कुठं शिकलीस?" आण्णांनी विचारलं.

"आमचे इलेक्ट्रॉन असेच चालतात, आण्णा. लई थंडीत, मोठ्या चुंबकात, कडेकडेनं, एकाच दिशेनं. घोळ होतो तार जोडतो तिथं. तिथला कॉन्टॅक्ट चांगला नसला की काही आत जातात, काही तिथूनच माघारी. ह्या कडेनं चालण्याला क्वांटम हॉल म्हणतात."

"हॉल कुठलाबी असू दे. जेवण येळेवर झालं पायजे."

तेवढ्यात माजी जिल्हा परिषद सदस्य भगवानराव आले आणि जेवणघराच्या दारातच थांबले. येईल त्याचा हात धरून ते घरची ख्यालीखुशाली विचारू लागले. ज्यांचं त्यांच्याशी पटत नव्हतं, ते दारापर्यंत येऊन मागं वळले. रांग रस्त्यावर गेली.

"त्यांना आत बसवा की," राजनंदिनी आण्णांना म्हणाली.

"मी सांगू? तूच सांग."

ती गेली. "काका, तुमी आत बसता का?"

"बसतो की. तू काय शिकतीस?"

"कॉन्टॅक्टवर संशोधन करते."

भगवानरावांचा चेहरा खुलला. "मग आपलं एकच काम हाय. उभी राहा इथं."

तिला शेजारी घेऊन ते प्रत्येकाला सांगू लागले, "आपली पोरगी. कॉन्टॅक्टमधी डॉक्टर होणार हाय."

धोंडीराममामांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला. "नंबर वाढलाय का बघ." त्यांच्यामागच्याला विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्ट का जळतो ते हवं होतं. राजनंदिनीनं दोघांनाही इलेक्ट्रॉनपासून समजावलं. तिला सांगायची सवय होती, त्यांना ऐकायची नव्हती.

पाऊण तासानं दार मोकळं झालं.

"बघ, समद्यांची भेट झाली," भगवानराव म्हणाले. समाधानानं दोघं आत गेले. आचारी बिभीषण पातेली धुवायला काढत होता.

"आण्णांनी सैपाकघराचं मागचं दार उघडून दिलं," तो म्हणाला. "मंडळी तिकडून आली, जेवून गेली बी. वरण हाय जरासं."

भगवानरावांनी वाटी हातात घेतली. "मागच्या दारात कोण उभं व्हतं?"

"कुणीच न्हाई."