इंगळे मॅडमची दहा मिनिटं

आमच्या गल्लीत चटणी केव्हा वाटायची, हे इंगळे मॅडम ठरवतात.

कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला त्यांनी एक पाटी टांगली आहे. तिच्यावर रोज खडूने नवी वेळ लिहिलेली असते. तेवढी दहा मिनिटं मिक्सर, ड्रिल, पाण्याची मोटर, सगळं बंद. त्यांच्या ठिणग्या मॅडमच्या यंत्रात शिरतात म्हणे. बरं, ही वेळ एका जागी राहील तर शपथ. रोज चार मिनिटांनी अलीकडे सरकते. काल साडेनऊ, आज नऊ सव्वीस. पहिल्याच आठवड्यात माझी बायको तणतणत गेली, "मॅडम, एकच टाइम ठेवा ना कायमचा!"

"मी नाई बदलवत, आभाळ बदलवते," मॅडम म्हणाल्या. "त्याले सांगा."

मॅडम मूळच्या अंजनगाव सुर्जीच्या. अकोल्यात कॉलेजात फिजिक्स शिकवता शिकवता त्यांची हयात गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला निघतात, यांनी धंदा बंद केलेल्या एका केबलवाल्याची बारा फुटी डिश भंगारातून आणून गच्चीवर चढवली. मला वाटलं, जुने सिनेमे बघणार असतील. त्यांना बघायचा होता एक तारा. तोही अजून पुरता न जन्मलेला, आपल्या सूर्याच्या कैकपट मोठा.

"दिसतो का?" मी विचारलं.

"दिसत नाई म्हनून तं रेडिओ! धुळीत गुरफटून पडला हाय तो. धूळ उजेडाले अडवते, रेडिओले नाई. डोयाले दिसंपर्यंत त्याचं लहानपन सरून जाते."

त्या ताऱ्याभोवती मिथाइल अल्कोहोलची वाफ आहे आणि तीच रेडिओवर बोलते, असंही त्यांनी सांगितलं. ही माहिती गल्लीतल्या दोन-चार गृहस्थांनी फार मन लावून ऐकली. "पेसान तं डोये जातीन," मॅडमनी तिथल्या तिथे निकाल लावला.

भानगड अशी की, असा तारा थोडा वाढला की त्याचाच उजेड भोवतीचा वायू दूर ढकलायला लागतो. मग तो एवढा मोठा होतो कसा? जाणकारांना वाटतं, तो एकसारखा जेवत नाही, मधूनच मोठा घास घेतो. घास घेतला की ती वाफ एकदम जोरात बोलू लागते. तो केव्हा घेईल याचा नेम नाही. म्हणून तो डिशच्या समोरून सरकतो ती दहा मिनिटं, रोज चार मिनिटं अलीकडे, न चुकता.

पुण्याच्या एका जाणकाराने त्यांना कळवलं की मोठमोठ्या दुर्बिणी असताना आपण कशाला त्रास घेता. मॅडमनी उलट टपाली ठणकावलं: मोठ्या दुर्बिणीला हजार कामं, मला एकच.

भाच्याचं लग्न अमरावतीला होतं. मुहूर्त नेमका पाटीवरच्या वेळेला. बहिणीने फोनवर रडून पाहिलं. "तुमचा मुहूर्त मांगंपुढं होते, माह्या होत नाई," म्हणाल्या, आणि शेवटच्या पंगतीला जाऊन पोचल्या. तिथे कुणी सुनेचं कौतुक करत होतं, फार गुणी आहे. मॅडमनी जिलबी खाता खाता विचारलं, "मोजलं काय?" हे त्यांचं नेहमीचं. यंदा ऊन फार आहे म्हणा, पोरगा हुशार आहे म्हणा, पुढचा प्रश्न ठरलेला.

पण गेल्या महिन्यात वादळ आलं आणि शेजारच्या गावंडेंच्या अंगणातले टिनाचे पत्रे उडाले. गावंडे आमच्या गल्लीच्या समितीचे अध्यक्ष. उद्या ही डिश कुणाच्या तरी डोक्यावर पडेल, म्हणून ती उतरवायला लावावी असा अर्ज त्यांनी महापालिकेसाठी तयार केला. गल्लीने सह्या केल्या. मीही केली, हे इथेच कबूल करतो.

रविवारी देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. मॅडम नोंदींचं जाडजूड रजिस्टर छातीशी धरून आल्या आणि उभ्यानेच सुरू झाल्या.

"चार वर्षं झाली, एक दिवस वाया गेला नाई! डिश उतरली तं पुन्हा तशीच बसवाले महिना लागंन. त्या महिन्यात त्यानं घास घेतला तं तुमी आनून देसान काय मले? वारा-वादयाची भीती हाय? चारई कोपऱ्याले तारा आवळल्या हायेत, या अन् ओढून पाहा. सह्या पन्नास आना का पाचशे आना. मी उतरवत नाई!"

गावंडे लाल झाले. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं, उघडलं, आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकान्याचं नाव 'अडथळे'. त्यात आमची सगळ्यांची नावं.

"हे पाहा! आपल्यावर पाळत ठेवून राह्यल्या ह्या!" ते मोठ्याने वाचू लागले. "'वानखडे, मिक्सर, तीनदा. पाहुणे आले असावेत. थोडक्यात निभावलं.'" लोक हसले. "'पोस्टमास्तर, ड्रिल. अखेर खिळा बसला एकदाचा.'" पोस्टमास्तर म्हणजे मी. माझी बायको सगळ्यांत जोरात हसली.

"द्या इकडं," मॅडम म्हणाल्या. "त्या रकान्याचा ताऱ्याशी संबंध नाई." त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच उतरलेला ऐकला.

गावंडेंनी पान उलटलं. "'गावंडे, काही नाही. सहावा दिवस.'"

हसणं थांबलं. गावंडे वहिनी गेल्या आषाढात वारल्या. हयात असेपर्यंत त्यांनी ती पाटी कधी वाचली नाही, आणि त्यांच्या मिक्सरवरून दोघींची गच्चीतून रोज जुंपायची, तेव्हा कुठे तो बंद व्हायचा.

"'गावंडे, काही नाही. चौदावा दिवस. नोंद अगदी स्वच्छ. चैन पडत नाही.'"

गावंडे आता हळू वाचत होते. आम्हाला पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

"'गावंडे, मिक्सर, चार मिनिटं. बाविसावा दिवस. मुलीने लावला असावा. आजची नोंद पूर्ण वाया. फार बरं वाटलं.'"

म्हणजे एक दिवस वाया गेला होता. मॅडम जमिनीकडे बघत होत्या. मला माझ्या सहीची लाज वाटली. अर्ज गावंडेंच्या मांडीवरून खाली घसरला, तो कुणी उचलला नाही.

मॅडमनी रजिस्टरसाठी हात पुढे केला. गावंडेंचं बोट त्या ओळीवरच होतं.

"जवसाची चटनी केल्ती पोरीनं," ते म्हणाले. "तिची माय गेल्यावर पयल्यांदा. मले वाटे, कोनाले मालूमच नाई."