चौदा ग्रॅमचे खानविलकर

लोक पाहुणे म्हणून येताना फुलं आणतात, चॉकलेट आणतात. खानविलकरकाका व्हर्नियर कॅलिपर आणतात. शाळा सुटल्यापासून ज्यांनी हे प्रकरण पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, वस्तूची जाडी मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजायचं ते स्टीलचं हत्यार. लोक कोटाच्या ज्या खिशात पाकीट ठेवतात, त्या खिशात काकांचं हे असतं. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा मृणालने, म्हणजे माझ्या बायकोने, बेसनाचे लाडू पुढे ठेवले. काकांनी एक उचलला, उभा मोजला, आडवा मोजला, मग शेजारचा मोजला आणि म्हणाले, "हं, चव नंतर बघू. पण दोघांत चार मिलिमीटरचा फरक आहे. टॉलरन्सच्या बाहेर."

मृणालने मला आत बोलावून त्यावर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मात्र खूश होतो, कारण लाडू तिने वळले होते. माझ्यावर पुढे काय वेळ येणार आहे हे माहीत असतं तर मी इतका हसलो नसतो.

काका जर्मनीत, बोब्लिंगेनला, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. तेविसाव्या वर्षी चिपळूणहून फिटर म्हणून इथल्या एका कारखान्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत एकाच टेबलाशी बसून समोर येणारा प्रत्येक सुटा भाग मोजत राहिले. जो मापात बसला नाही तो लाल पेटीत. त्या नापास मालाला इथे 'आउसशुस' म्हणतात, आणि काकांच्या मते जगातला बराचसा माल त्याच पेटीतला आहे. पाव, राजकारणी, माझी गाडी लावण्याची पद्धत, सगळं आउसशुस. मराठी अजून चिपळूणचंच आहे, फक्त शेवटी 'गेनाऊ', म्हणजे 'बरोब्बर', म्हटल्याशिवाय त्यांना वाक्य संपल्यासारखं वाटत नाही.

डिसेंबर लागला की हा माणूस घरी बदामी करतो. बदामाचं पीठ, पिठीसाखर, अंड्यातलं पांढरं आणि दोन थेंब गुलाबपाणी. त्याची सुपारीहून थोडी मोठी गोळी वळायची, तिला तीन बाजूंनी अर्ध्या बदामाच्या तीन पाकळ्या उभ्या चिकटवायच्या, वरून बलकाचा हात फिरवायचा आणि भाजायचं. जर्मन नाव मोठं आहे. काका नुसतं बदामी म्हणतात. एक बदामी चौदा ग्रॅमची. पंधरा नाही, तेरा नाही. आणि ती एका घासात खायची, असा नियम आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा सुरीने अर्धी कापली, तेव्हापासून काका त्यांना नमस्कार करतात, पण पूर्वीसारखा नाही.

तर यंदा काकांनी मला जिन्यात गाठलं. "शेखर, रविवारी सकाळी नऊला ये. बदामी करायच्यात. नखं कापून ये. गेनाऊ."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांत त्या स्वयंपाकघरात कुणाला प्रवेश मिळाला नव्हता. माझ्यातली शिस्त, बारकावे बघण्याची नजर शेवटी कुणाच्या तरी लक्षात आली, असं मी घरी येऊन म्हणालो. मृणाल म्हणाली, "शेखर, तुला अंडं उकडायला फोन काढून बघावं लागतं." काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

रविवारी गेलो. टेबलावर वजनकाटा, कॅलिपर आणि फडक्यावर मांडलेले छत्तीस बदाम. रात्रभर भिजवून काकांनी ते सोलून ठेवले होते. चोवीस बदामी, प्रत्येकीला तीन पाकळ्या, म्हणजे बहात्तर पाकळ्या, म्हणजे छत्तीस बदाम. एकही जास्तीचा नाही, कारण जास्तीचा बदाम ठेवणं म्हणजे चूक होणार हे आधीच मान्य करणं, असं त्यांचं म्हणणं.

मी पहिली गोळी वळली. एकोणीस ग्रॅम. दुसरी अकरा. "आउसशुस," काका म्हणाले आणि पुन्हा, "आउसशुस." ऑफिसात माझ्या नावाखाली 'सीनियर आर्किटेक्ट' असं लिहिलेलं आहे. पण मी जे घडवतो ते सॉफ्टवेअर, त्याला वजन नसतं. साडेदहापर्यंत मी कसाबसा चौदावर आलो, आणि काका ओव्हनचं तापमान तपासायला वाकले.

आता जे घडलं त्यात माझा दोष किती आणि माझ्या आईचा किती, हे तुम्हीच ठरवा. मी सकाळपासून उपाशी होतो. समोर भिजवून सोललेले बदाम होते. लहानपणी आई रोज सकाळी असेच पाच बदाम माझ्या हातावर ठेवायची, बुद्धी तल्लख होते म्हणून. हात आपोआप गेला. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याला मी शिवलोही नाही.

काकांनी परत येऊन बदाम मोजले. पुन्हा मोजले. मग टॉर्च आणून टेबलाखाली शोधायला लागले. मीही त्यांच्याबरोबर वाकून शोधायला लागलो, हे सांगायला आज लाज वाटते. फ्रिजच्या मागे बघायची वेळ आली तेव्हा मी कबूल केलं.

"खाल्लेस?"

"सवय आहे, काका."

रविवार होता. दुकानं बंद. आमच्या घरी बदाम होते, पण ते खारे. पेट्रोलपंपावर शेंगदाणे मिळतील, असं मी सुचवून पाहिलं. काका चिडतील म्हणून मी तयारीत होतो, पण ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "गेल्या रविवारी तिने परत ठेवली रे."

ती म्हणजे इंग्रिडकाकू, त्यांची बायको. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली आणि तेव्हापासून त्या दोन स्टॉप पलीकडच्या फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे शुश्रूषागृहात आहेत. काका रोज दुपारी तीनला तिथे जातात, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. बाकीचं मला त्या खुर्चीसमोर उभं राहून कळलं.

बदामी काकूंच्या माहेरची, फ्रँकफुर्टकडची. काकांना त्यांनीच शिकवली. "कारखान्यात मी सगळ्यांचा माल नापास करायचो," काका म्हणाले, "आणि घरी ती माझा. बदामी हातात घ्यायची, फिरवायची, तिन्ही पाकळ्यांवरून अंगठा न्यायची. वाकडी असली की ताटात परत. आउसशुस. हा शब्द मी तिच्यापुढे कधी उच्चारलेला नाही, मी फक्त ऐकलाय."

झटक्यानंतर काकूंचं खाणं कमी होत गेलं होतं. चमच्याने भरवलेलं त्या तोंड फिरवून नाकारायच्या. मऊ छोटा घास चालेल, असं नर्सबाई म्हणाल्या म्हणून काकांनी यंदा दिवाळीपासूनच बदामी न्यायला सुरुवात केली, आणि तेवढी एकच गोष्ट काकू स्वतःच्या हाताने उचलून खायच्या. गेल्या रविवारी त्यांनी ती उचलली, अंगठा फिरवला आणि परत ठेवली. सहाच्या सहा.

काकांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. "पाकळी सरळ बसत नाही आता. म्हणून तुला बोलावलं. तुझा हात स्थिर आहे."

माझी शिस्त, माझी नजर वगैरे सगळं तिथेच गळून पडलं. एका बाईच्या जेवणाचा प्रश्न होता आणि तिचे पाच बदाम माझ्या पोटात होते. इतकी स्वतःची लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

उरलेल्या पाकळ्या मी जीव मुठीत धरून लावल्या. वीस बदामी पुऱ्या झाल्या, एकीला दोनच पाकळ्या मिळाल्या, तीन उघड्याच राहिल्या. भाजून निवल्यावर काकांनी सगळ्या मोजल्या. काकूंच्या लायकीच्या पाच निघाल्या. पण डबा सहा बदामींचा होता आणि एक जागा रिकामी राहिली तर बाकीच्या हलतात, म्हणून, वाकड्या पाकळीपेक्षा बिनपाकळीची बरी, असं म्हणत त्यांनी तिथे एक उघडी बदामी बसवली. मग म्हणाले, "तू पण चल."

काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. काकांनी त्यांचे केस सारखे केले, टेबलावर ताटली ठेवली, सहा बदामी मांडल्या आणि खुर्ची थोडी मागे घेऊन बसले. परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी बाप बसतात तसे. काकूंनी डाव्या हाताने पहिली उचलली. फिरवली. अंगठा फिरवला. परत ठेवली. दुसरी परत. तिसरी. पाचही.

मी मान खाली घातली. पण काकांचा चेहरा उजळला होता. "बघितलंस?" ते माझ्या कानाशी म्हणाले, "तुझ्यासुद्धा नापास. म्हणजे माझ्या हाताचंच काही नाही. ती अजून तशीच आहे रे."

तेवढ्यात काकूंनी उघडी बदामी उचलली. एकदा फिरवली, अंगठ्याने पाकळ्या शोधल्या. पुन्हा शोधल्या. मग ती गोळी मांडीवर ठेवून त्यांनी तळहात माझ्यापुढे पसरला आणि वाट बघत राहिल्या. पाकळ्यांचा हिशेब लागत नव्हता, तो त्यांना हवा होता.

मी पोटावर हात ठेवला आणि तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "मी खाल्ले. पाच."

काकूंनी माझ्या पोटाकडे बघितलं. मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला आणि आतून घरघर आल्यासारखा आवाज आला. मी घाबरून नर्सबाईंना हाक मारणार होतो. काकांनी माझं मनगट धरलं. त्या हसत होत्या. काकांनी ते हसू वर्षभर ऐकलं नव्हतं, हे मला त्यांच्या पकडीवरून समजलं. हसून झाल्यावर काकूंनी मांडीवरची गोळी काकांकडे सरकवली आणि तोंड उघडलं. काकांनी थरथरत्या हाताने ती भरवली. एका घासात.

आम्ही बसस्टॉपवर आलो. काकांनी दोनदा चष्मा पुसला. बस दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या रविवारी नऊला. छत्तीसच भिजवतो."

"मी घरून खाऊन येतो, काका."

"नको. उपाशी ये," ते म्हणाले. "पाच खा. सहावा नाही. गेनाऊ."