दुखलं कोणाले?

शब्बीरभाई माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसत, बांगडीच्या मापावरून ओळखत. चंद्रपूरला आमच्या गल्लीत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. माझ्याकडे कोण येऊन गेलं विचारलं, तर म्हणत, "नाव नाई मालूम, भाऊ. दोन-आठचा हात होता." माझी बायको म्हणजे ‘दोन-सहावाल्या वहिनी’. एकदा नव्या ठाणेदारांशी हात मिळवून खुशीत म्हणाले, "साहेब, तुमाले दोन-चारची बांगडी आरामात बसन!" ठाणेदार पुन्हा गल्लीत पायी आले नाहीत.

मग दुकानाचं शटर भाईंच्या उजव्या हातावर पडलं. अंगठा वाचला, हलूही लागला, पण बधिर राहिला. मुलीचं लग्न ईदनंतर ठरलेलं. आई नसलेली पोर भाईंनीच वाढवली होती. लग्नाच्या बांगड्या आपणच भरणार, हा त्यांचा हट्ट.

त्याच सुमारास दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी हाताला इजा झालेल्यांना बोलावलं. नवे उपचार तपासायचे, तर हात बरा झाला हे कशावरून म्हणायचं, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. सोबतीला मी गेलो. बाई म्हणाल्या, मुठीची ताकद मोजू. मला पटलं, ताकदीला आकडा असतो. घुग्घुसचा एक खाणकामगार म्हणाला, "आकडा घेऊन काय करू? फटफटीचा क्लच दाबता आला पायजे!"

भाई म्हणाले, "दुखलं नाई पायजे."

बाईंनी ‘वेदना’ असं लिहिलं. "शून्य ते दहात सांगा, किती दुखतं?"

"मले काऊन दुखन? समोरच्या बाईले!"

सगळे हसले. भाई हसले नाहीत. "बांगडी भरतानी अंगठ्याले समजतच नाई, किती दाबून राह्यलो. काच फुटली त तिच्या हातात घुसन."

खाणकामगारच म्हणाला, "बाई, हेबी लिहा." ‘स्पर्श समजणे’ धरायचं, असं एकमतानं ठरलं.

पण संशोधन सावकाश चालणार, आणि ईद काही थांबणार नव्हती. तोवर सरावाला माझा हात. भाई रोज संध्याकाळी मला बांगडी भरत.

"दुखलं, भाऊ?"

"साडेतीन."

"साडे काऊन?"

"तीनपेक्षा जास्त, चारपेक्षा कमी."

एकदा हिरवी बांगडी निघेचना. ती घालूनच मी ऑफिसात गेलो. साहेब बांगडीकडे बघत माझ्याशी जरा हळू आवाजात बोलले.

अंगठा शेवटपर्यंत बधिरच राहिला. लग्नाच्या आदल्या दिवशी भाई मुलीसमोर बसले. तिचा हात हातात घेतला, पण नजर मनगटावर नव्हती. ती चेहऱ्यावर होती. तिची भुवई हलली की हात थांबायचा. ती सैल झाली की बांगडी पुढे सरकायची. सगळ्या बांगड्या चढल्या, एकही फुटली नाही. भाई तरीही बघतच राहिले.

"अब्बा, ऐसा क्या देख रहे?"

"तू तो पूरी तेरी अम्मी पे गई," भाई म्हणाले. "आज जाके दिखा."