रंगमंचाखालची विहीर

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत, ते मनोहर खांबेटे, म्हणजे ऑफिसात सगळ्यांचे काका, कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवतात. मान तिरकी करून थांबतात. मग बसतात. मॅनेजरची केबिन असो की दोह्याच्या एशियन टाउनमधलं सलून. अल दुहैलला एका सत्यनारायणाला त्यांनी दारात टाळी वाजवली, तेव्हा आरती सुरू झाली असं समजून सगळे उभे राहिले होते.

काका दोह्यात स्टेडियमच्या ध्वनियंत्रणेचे इन्स्पेक्टर. वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती. मी त्यांच्याच तालुक्यातला, घरातला पहिला पदवीधर. इंग्रजी लिहिता यायचं, बोलायला गेलं की घसा बंद. काका रोज समोर बसवून मला रिपोर्ट मोठ्याने वाचायला लावत. म्हणत, "पिटातल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे." संपला की, "वन्समोअर." सहा महिन्यांत मी इतकं खणखणीत इंग्रजी बोलू लागलो की आमचा ब्रिटिश कन्सल्टंट दोन पावलं मागे सरकून उभा राहायचा.

ही सगळी भाषा आमच्या तालुक्याच्या गावातल्या 'विलासमंदिर' नाट्यगृहाची. एका कापूसवाल्या शेटजींनी एकोणिसाव्या शतकात ते संगीत नाटकांसाठी बांधलं. काकांच्या लहानपणी ते पाडलं आणि तिथे कांद्याचं गोदाम झालं. काका त्याचा इतिहास लिहीत होते. पिटात, म्हणजे रंगमंचापुढे जमिनीवर, बसायला घोंगडी घरून न्यावी लागे, इथपर्यंत सगळं ऑफिसला पाठ होतं. पण इतिहासाचा कणा म्हणजे रंगमंचाखालची विहीर. आवाज घुमावा म्हणून ती मुद्दाम खोदली होती, असं काका सांगत.

आमचा पुण्याचा जोशी दर वेळी विचारायचा, "पण काका, नट आत पडला तर?"

"एकदाच पडला," काका शांतपणे म्हणत. "सुरात होता."

एकदा रजेवरून परतल्यावर काकांनी स्टेडियममध्ये आणीबाणीत बाहेर पडण्याच्या सूचनेची चाचणी घेतली. घोषणा झाली. काका वॉकीटॉकीवर म्हणाले, "वन्समोअर." ऑपरेटरने पुन्हा लावली. "वन्समोअर." चौथ्यांदा घोषणा झाली तेव्हा कामगारांना खरंच आग लागली असं वाटलं. सेफ्टी ऑफिसर 'यल्ला, यल्ला', चला, चला, करत शंभरेक माणसांना भर उन्हात घेऊन गेला. ऑफिस दिवसभर हसलं. मीही हसलो.

संध्याकाळी रिपोर्ट वाचून झाल्यावर काकांनी वन्समोअर दिला नाही. इतिहासाची फाईल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "खलास. रजेत गोदाम उघडायला लावलं होतं. पत्र्याखाली विहीर आहे. वर उभा राहून टाळी वाजवली. खालून काही परत आलं नाही, सदा. एक तर विहीर खोटी, नाहीतर माझे कान. काय खोटं ठरावं, तेच कळत नाही."

आजवरच्या सगळ्या वन्समोअरांचा अर्थ मला त्या वेळी लागला. पुढच्या महिन्यात माझी रजा होती. घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांना पत्र टाकलं.

"तीर्थस्वरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही वन्समोअर म्हणत राहिला असता, म्हणून लिहितो. हमालांनी पत्रा बाजूला केला. मी टाळी वाजवली. ती खाली गेली, जरा थांबली आणि वर आली तेव्हा माझी वाटेना, एवढी मोठी झाली होती. हमाल मागे सरकले. मग मी आपला एक रिपोर्ट पाठ म्हटला. अगदी टोकाला, पोत्यांमागे एक म्हातारा कांदे निवडत होता. तो म्हणाला, कळलं काहीच नाही, पण ऐकू सगळं आलं.

विहीर खरी आहे. इतिहास पुरा करा.

मी आलो की आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. तो काय म्हणतो ते मी तुम्हाला मोठ्याने सांगेन. लागेल तितक्या वेळा.

आपला,
सदाशिव"