बोरस्तेअण्णा आणि सोडून दिलेली गिटार

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे दहा. रक्कम अडीच हजार, जी देऊन झाली होती. हजर माणसं तीन: मी, माझी बायको सुनंदा आणि आमच्या मागच्या गल्लीतले बोरस्तेअण्णा. टेबलावर अडीच हजारांची जुनी गिटार. अण्णांनी तिला हात लावला नाही. चष्मा पुसला आणि मला विचारलं, "जबाब घेतला का?"

"कुणाचा?"

"सोडणाऱ्याचा. ज्याने विकली, त्याने का सोडली?"

"मी फक्त किंमत कमी करतो का, ते विचारलं."

"तुम्ही तेच विचारणार, निकम. लावा फोन."

बोरस्तेअण्णा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात देखभालीला होते. निवृत्त झाल्यावर ते जुन्या गिटारी वाजवण्याजोग्या करून द्यायला लागले. मजुरी दोनशे, तारांचे पैसे वेगळे. स्वतः त्यांना एकही गाणं वाजवता येत नाही. पण मालकाचा जबाब घेतल्याशिवाय ते कुठल्याही गिटारीची खुंटी पिळत नाहीत. ही नोकरीतली सवय. तिकडे यंत्र बंद पडलं की हे आधी ड्युटीवरच्या माणसाला गाठायचे. "यंत्र खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतं," असं त्यांचं म्हणणं.

एका मुलीने भंगारवाल्याकडून गिटार आणली, तर अण्णा मूळ मालक शोधायला भंगारवाल्याकडे जाऊन बसले. त्याला वाटलं पोलिसांचा माणूस आहे. त्याने चहा पाजला. दुसऱ्या एका गिटारीचा मालक सुरगाण्याकडे शिक्षक होता. त्याच्या गावात फोन लागेना, म्हणून अण्णांनी जीपवाल्याबरोबर निरोप धाडला. उत्तर येईपर्यंत गिटार तारा सैल करून कपाटावर पडून. पंधरवड्याने उत्तर आलं: बदली झाली, सामान जास्त होतं. अण्णा खूश. "बघा, गिटार निर्दोष."

आमच्या गिटारीचं प्रकरण वेगळं होतं. सुनंदाला कॉलेजपासून गिटार शिकायची होती. आधी घर, मग मुलगी, मग सासूबाईंचं आजारपण, असं करत पन्नाशी आली. मुलगी नोकरीला बंगलोरला गेली तेव्हा एकदाची तिने शिकवणी लावली आणि मी ही जुनी गिटार आणली. आठवड्यात बोटांच्या टोकांना वळ पडले. भाकरी थापताना ती बोटं वर धरायला लागली. "मला नाही जमायचं हो," ती म्हणाली, "विकून टाका. दोन हजार तरी येतील." ती हे इतक्या सहज म्हणाली की मला ते आवडलं नाही. म्हणून मी अण्णांना बोलावलं होतं.

फोन लावला. अण्णा फोन कायम स्पीकरवर ठेवतात, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. पलीकडे किरण, चाळिशीचा, सायखेड्याला खताचं दुकान.

"गिटार का सोडली?" अण्णांनी नावगाव न सांगता विचारलं.

"काय झालं काका, खराब निघाली का?"

"का सोडली ते सांगा."

"बोटं लय दुखायची. लग्नाआधी घेतली होती, हौसेनं. चार-पाच महिने घासली. मग म्हटलं, आपल्याला नाय जमत. आपलं काम युरिया विकायचं."

"नाही जमत असं कोण म्हणालं?"

"कोणी नाय. मीच."

अण्णांनी मान हलवली. "बोटांचा काय गुन्हा," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी माझ्या घरी या, निकमांच्या मागच्या गल्लीत."

"पण काका, मी तर ती विकली ना."

"विकली म्हणून बघायची नाही का?"

मग त्यांनी गिटार उचलली, डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरली आणि मान, म्हणजे बोटं दाबायचा लांब दांडा, सरळ आहे का ते पाहिलं. मान वाकली होती. तारा दांड्यापासून इतक्या वर की मधून माझं पेन गेलं; त्या दाबताना बोटं दुखणारच. मग त्यांनी वास घेतला.

"हे काय चोळलंय?"

"खोबरेल," मी म्हणालो. "लाकूड कोरडं दिसलं."

"हिची वेणी घालायची होती का?"

सुनंदा आठवड्यात पहिल्यांदा हसली.

गिटार आठवडाभर अण्णांकडे होती. मी रोज संध्याकाळी जाऊन पाहत असे. तारा सैल करून ते मानेतली सळई जरा पिळायचे आणि रात्रभर सोडून द्यायचे. "लाकडाला घाई चालत नाही." मग तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात ती काढून, काचेवर पॉलिश पेपर ठेवून तिचा तळ घासला. चार वेळा घासून पुन्हा बसवून पाहिली. एकदा जास्त घासली गेली आणि तारा खरखरल्या, तेव्हा स्वतःला शिवी घालून त्यांनी नवी पट्टी आणली. तिचे पैसे लावले नाहीत.

रविवारी आम्ही अण्णांकडे गेलो. किरणही आला, पेरूंची पेटी घेऊन. अण्णांनी आधी गिटार सुनंदाच्या हातात दिली. तिने भीत भीत बोटं ठेवली, दाबली, आणि आमच्याकडे पाहिलं. "दुखत नाही," ती म्हणाली.

मग किरणने घेतली. त्याला एक चाल अजूनही येत होती. अर्ध्यावर थांबून त्याने तारा किती खाली आल्यात ते बोटाने चाचपलं. "एवढंच होतं व्हय," तो म्हणाला. "एवढ्यासाठी सोडली मी."

सुनंदा लगेच म्हणाली, "तुम्हीच न्या. मी काय, या वयात. तुमचीच आहे ती."

"नाही," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "ताई, ती आता तुमची. सोडायची नाही. ह्यांना मी दुसरी देतो."

ते आत गेले आणि एक गिटार घेऊन आले. धूळ नाही, तारा अगदी खाली, वाजवायला तयार.

"ही कोणाची?" किरणने विचारलं.

"माझ्या मुलाची, राहुलची. थांबा, त्याला विचारायला पाहिजे." त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा फोन घेतला. अनोळखी माणसांना बेधडक फोन लावणाऱ्या अण्णांना हा फोन लावायला बराच वेळ लागला. राहुल पुण्याला असतो. बोलणं होतं ते सणावाराला.

"राहुल, तुझी गिटार एक जण मागतोय."

"ती आहे अजून?"

"आहे. तारा फार वर होत्या रे तिच्या. मी तुला म्हणायचो, तुझ्यात चिकाटी नाही. रोज म्हणायचो. चिकाटीचा प्रश्नच नव्हता."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "तुम्हाला कधी कळलं?"

"तू गेल्यावर. वाजवता येईना म्हणून नुसती उघडून पाहिली."

"मग सांगितलं का नाही, अण्णा?"

अण्णांनी पुन्हा चष्मा काढून पुसला. किरणने राहुलची गिटार उचलून हळूच टेबलावर ठेवली.

"देऊ नका कुणाला," राहुल म्हणाला. "मी शनिवारी येतो."

किरण म्हणाला, "काका, माझ्यासाठी दुसरी बघा. जबाब मी स्वतः घेतो." त्याने दोनशे आगाऊ दिले, अजून न सापडलेल्या गिटारीसाठी. सुनंदाने आमचे दोनशे दिले. ते चारशे अण्णांनी त्याच संध्याकाळी तारांच्या दुकानदाराला दिले, राहुलच्या गिटारीवर नव्या तारा चढवायला. शनिवारला अजून सहा दिवस होते.