शंभर चौकोन आणि एक घोडी

मोजमापाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. बावीस वर्षं मी जमिनी मोजतोय. दोन सख्ख्या भावांच्या वाटणीत मी अशी रेघ ओढतो की दोघंही मला सारख्याच शिव्या घालतात. एकाने कमी घातल्या तर मी पुन्हा टेप काढतो.

त्यामुळे घोडेस्वारी क्लबातल्या पालकांच्या सभेत सर म्हणाले, "पैसे कसे उभे करायचे ते सुचवा," तेव्हा मी आधी इतरांना बोलू दिलं. अडचण साधी होती. मुलांच्या संघात पाच जण, स्पर्धा लांबच्या शहरात, आणि क्लबाच्या ट्रकमध्ये घोडे मावतात चार. पाचव्यासाठी दुसरा ट्रक भाड्याने घ्यायचा, तर क्लबाच्या तिजोरीत खडखडाट. पाचवी घोडी म्हणजे आजीबाई. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. आणि आजीबाईवर बसते माझी मुलगी. पुढच्या वर्षी ती या वयोगटातून बाहेर पडणार. म्हणजे आता ट्रक नाही, तर तिची ही स्पर्धा कायमची हुकली.

एक आई म्हणाली, मेणबत्त्या विकू. एक वडील म्हणाले, गाड्या धुऊ. कोणीतरी जुन्या कपड्यांचा बाजार सुचवला, त्यावर गेल्या वेळचे न खपलेले कपडे अजून आमच्या पलंगाखाली आहेत, असं मागून कोणीतरी सांगितलं. मग मी उठलो.

"मैदानावर शंभर चौकोन आखायचे," मी म्हणालो. "एकेका चौकोनाचं एकेक कूपन विकायचं. रविवारी सकाळी घोडी मैदानात मोकळी सोडायची. ती पहिली लीद ज्या चौकोनात टाकेल, त्या चौकोनाच्या मालकाला सायकल बक्षीस."

मग सरांनी विचारलं, "घोडी कोणती?"

"आजीबाई. तिच्यासाठीच चाललंय सगळं. थोडे कष्ट तिनेही घ्यावेत."

"आणि आखणार कोण?"

या प्रश्नाची तर मी वाटच बघत होतो.

घरी बायकोला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "चार वर्षांत तू त्या कुंपणाच्या आत तरी गेलायस का?"

नव्हतो गेलो. मुलीला फाटकाशी सोडायचं आणि गाडीत पेपर वाचत बसायचं, हा माझा नेम. मला घोड्यांची धास्ती वाटते. एवढं मोठं जनावर, आणि मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसत नाही. आमच्या साहेबांचंही तसंच आहे, पण ते निदान लाथ लेखी मारतात.

शंभर कूपनं आठवड्यात खपली. ऑफिसात खपली, बिल्डिंगमध्ये खपली, दाढी करताना न्हाव्याला खपवली. शनिवारी मी चुन्याच्या फक्कीने मैदान आखलं. कर्ण तीनदा तपासले. नऊ नियम टाइप करून फाटकावर लावले. नियम चार: लीद रेघेवर पडल्यास ज्या बाजूला जास्त, तो चौकोन विजयी. नियम सात: पंचाचा निर्णय अंतिम. पंच मीच.

रविवारी नऊ वाजता खुर्च्या भरल्या. मुलीने आजीबाईला आणलं. अंग खरारा करून चकचकीत, आयाळ विंचरलेली, शेपूट मोकळी. मुलीने दोर सोडला, मी शिट्टी फुंकली. आजीबाई सावकाश मैदानाच्या मध्यावर गेली आणि गवत खाऊ लागली.

शंभर माणसं एका शेपटीकडे टक लावून बसली. शेपूट जरा हलली की सगळे अर्धे उठायचे. माशी असायची. ब्याऐंशी नंबरवाल्या बाई कुंपणावरून गाजर दाखवून घोडीला आपल्या चौकोनाकडे बोलवायला लागल्या. त्यांना मी नियम सहा वाचून दाखवला. त्यांनी ते गाजर माझ्याकडे रोखून बघत स्वतःच खाल्लं.

तास झाला. ऊन चढलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे कोर्टातून निवृत्त झालेले कारकून घड्याळ बघत म्हणाले, "ही नेहमीच इतका वेळ घेते का?"

मला काय माहीत? पण पंचाने माहीत नाही म्हणायचं नसतं.

"पोट बिघडलं असेल जरा," मी म्हणालो.

ही माझी घोडचूकच म्हणा. बारा नंबरचं कूपन जनावरांच्या डॉक्टरांकडे होतं आणि ते पहिल्या रांगेत बसले होते. ते तडक आत गेले, घोडीच्या पोटाला नळी लावून ऐकलं, शेपूट वर करून बघितलं आणि तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोट उत्तम आहे. तासाभरापूर्वीच मोकळी झालीये ही. कोणीतरी ओल्या फडक्याने पुसलंही आहे."

"पुसलंय?" कारकून उभे राहिले. "म्हणजे पुरावा नष्ट केलाय."

मग काय विचारता. कोणी म्हणालं सायकल द्यायचीच नव्हती, कोणी म्हणालं कूपनाचे पैसे परत द्या. न्हाव्याने मला विचारलं, "साहेब, तुम्हीसुद्धा?" माझी अर्धी दाढी ठेवून तो निघून जाईल अशा नजरेने. बायको कूपनांच्या टेबलामागे पैशांच्या डब्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. त्या डब्यात दुसरा ट्रक होता, आणि लोक तो परत मागत होते. मी नऊच्या नऊ नियम मनातल्या मनात चाळले. घोडी रिकामी निघाल्यास काय, हे एकातही नव्हतं.

तेवढ्यात माझी मुलगी मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी मुलगी ही. तिचे कान लाल झाले होते.

"मी पुसलंय," ती म्हणाली. "घोड्याला मैदानात आणायच्या आधी फिरवून मोकळं करून आणायचं, असा आमचा नियम आहे. सर पहिल्या दिवशी तेच शिकवतात. मी वीस मिनिटं फिरवलं. तिने दोनदा केली. चार वर्षं मी रोज पुसते, हात सवयीनेच गेला. बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना घोड्यातलं काहीच माहीत नाही."

शेवटचं वाक्य तिने माझ्या बचावासाठी म्हटलं होतं. लागलं मात्र फार.

लोक जरा थंडावले. कारकुनांनी विचारलं, "मग आता पुन्हा कधी?"

"नुसती उभी राहिली तर अजून तासभर. पळवली तर लवकर."

"पळव मग."

तिने खोगीर आणलं, पट्टा आवळला आणि वर बसली. सरांनी मैदानाच्या दोन टोकांना दोन अडथळे लावले. मी गाडीच्या किल्ल्या चाचपल्या. फाटकापर्यंत वीस पावलं होती. खरं सांगतो, मला धास्ती घोड्याची नव्हतीच. चार वर्षांपूर्वी, पहिल्याच महिन्यात मुलगी घोड्यावरून पडून मनगट मोडून घेऊन गाडीशी आली होती, आणि तेव्हापासून तिला उडी मारताना बघायची माझी छाती नव्हती. पण पंचाला जाता येत नाही. शिट्टी गळ्यात होती.

आजीबाई आधी दुडकी चालली. मग पोरीने काय सांगितलं कोण जाणे, ती म्हातारी लांब पावलं टाकत पळू लागली. पहिल्या अडथळ्यापाशी मुलगी पुढे वाकली, हात घोडीच्या मानेवर सैल सोडले आणि दोघी वर गेल्या. घरात कपाटाला, दाराला, टेबलाच्या कोपऱ्याला धडकत चालणारी माझी मुलगी! जमिनीला लागल्या तेव्हा आवाजसुद्धा बेताचाच झाला. वळण घेऊन दुसरी उडी. मग पुन्हा पहिली. तिचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. चार वर्षं हे इथे चालू होतं आणि मी ऐंशी पावलांवर शब्दकोडी सोडवत होतो. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

किती फेऱ्या झाल्या सांगता येणार नाही. टाळ्या वाजल्या, ती थांबली, आणि कारकून ओरडले, "पंच, झाली!"

झाली होती. पळता पळता झाली होती. त्रेपन्नपासून एकोणसाठपर्यंत, ओळीने सात चौकोनांत, प्रत्येकी साधारण सारखी. इतकी न्याय्य वाटणी मलासुद्धा कधी जमलेली नाही.

"पहिली कशात पडली?" कारकुनांनी विचारलं. त्रेपन्न नंबर त्यांचा होता.

मी टेप उघडली, दोन चौकोन मोजले आणि बंद केली. घोडी त्या बाजूने दोन्ही दिशांनी गेली होती. पहिली त्रेपन्नमधली की एकोणसाठमधली, हे टेप सांगणार नव्हती. बघणाराच सांगू शकला असता.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही पंच आहात. बघत नव्हतात?"

"बघत होतो. जमिनीकडे नव्हतो बघत."

त्यांनी कूपनाची घडी करून खिशात टाकली. मग हळूच म्हणाले, "तसा मीही नव्हतो."

सायकलीवर सातही जणांनी पाणी सोडलं आणि ती संघाला देऊन टाकली. पैसे कोणी परत मागितले नाहीत. दुसरा ट्रक ठरला, मुलगी स्पर्धेला निघाली. मी म्हणालो, मीही येतो, अगदी कुंपणाला टेकून बघतो.

"ये," ती म्हणाली. "फक्त शिट्टी घरी ठेव. आजीबाई तुला घाबरते."